दुपारच्या पाळीचे आकडे

९ ऑगस्ट

तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाच्या जोड्या आज लागल्या. वर्गात अठ्ठावीस डोकी. त्यांतून माझ्या वाट्याला आली टिपण. मॅडम शिंकल्या तरी ही मुलगी वेळ घालून वहीत लिहून ठेवते, म्हणून सगळे तिला टिपणच म्हणतात. मला सगळे काका म्हणतात. मॅडमसुद्धा एकदा चुकून म्हणून गेल्या आणि लाजल्या. त्या माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान.

जोडी जाहीर होऊन दोन मिनिटं झाली नसतील तोच टिपण माझ्या बाकाशी हजर. "काका, वेळापत्रक केलंय. आठवड्याला तीन बैठका."

"तीन? कुणाचं लग्न ठरवायचंय का आपल्याला?"

"पहिली बुधवारी चार वाजता," ती म्हणाली आणि तेही लिहून घेतलं. हसली नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. तुम्हाला पुरून उरणारं कुणीतरी हवंच होतं." ही परिचारिका. लहान मुलांच्या वॉर्डात अठ्ठावीस वर्षं काढल्यामुळे माझ्या तक्रारी तिला मुलांच्या रडण्यासारख्याच वाटतात. आधी ताप नाही ना बघते, मग दुर्लक्ष करते.

१३ ऑगस्ट

विषय ठरला. नदीच्या वरच्या अंगाला गेल्या पंचवीस वर्षांत झाडी तुटत गेली, तसतसा पाण्याचा गढूळपणा वाढला का, हे आकड्यांनिशी दाखवायचं. कल्पना टिपणची, मॅडम खूश. अडचण एवढीच की पंचवीस वर्षांचे आकडे आणायचे कुठून.

"जलशुद्धीकरण केंद्रातून," मी म्हणालो. "रोज तीन पाळ्या असतात. प्रत्येक पाळीत नदीच्या पाण्याचा गढूळपणा मोजायचा आणि रजिस्टरात लिहायचा. तीस वर्षं मी तिथे ऑपरेटर होतो. रजिस्टरं मी आणतो."

अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. दोन वर्षांत पहिल्यांदा. खरं तर गुडघ्यापायी लवकर निवृत्ती घेतल्यावर पर्यावरणशास्त्राच्या पदवीला मी नाव घातलं ते याचसाठी. तीस वर्षं एकच ऐकलं, "तू व्हॉल्व्ह फिरव, पाण्याचं आम्ही बघतो." म्हटलं, एकदा पदवी हातात येऊ दे, मग बघतो मला कोण गप्प बसवतो ते.

१४ ऑगस्ट

उगाच बोललो. नसतं लोढणं गळ्यात अडकवून घेतलं.

२१ ऑगस्ट

मॅडमना गाठून सुचवलं की विषय बदलू. चौकात उभं राहून गाड्यांचा आवाज मोजू. ताजे आकडे, स्वतः मोजलेले, जुन्या धुळीत हात घालायला नको. मॅडम म्हणाल्या, "अहो, तुमच्यामुळे तर हा विषय शक्य झाला." मागे टिपण उभीच होती. तिनं तेही लिहून घेतलं असणार.

५ सप्टेंबर

केंद्रात जाऊन आलो. माझ्या वेळचा फिटर अजून आहे, केस पांढरे झाले एवढंच. जुन्या स्टोअरमधून त्यानं रजिस्टरं काढून दिली. पंचवीस वर्षांची पंचवीस, वर धूळ बोटभर.

"सगळी हवीत?" त्यानं विचारलं. "पुराच्या वर्षाचंसुद्धा?"

"सगळी म्हणजे सगळी."

"बघ बाबा," तो म्हणाला आणि पान्हा घेऊन निघून गेला. ह्या माणसाला पहिल्यापासून खोड आहे, अर्धं बोलायचं आणि अर्धं आपल्या डोक्यात सोडून जायचं.

रजिस्टरांत ऑपरेटरचं नाव नसतं. तीन पाळ्यांचे तीन रकाने आणि खाली साहेबांची सही. ऑपरेटरनं सही करायची पद्धत बरीच नंतर आली. टिपणला हे मी आपणहून सांगितलं. विचारलं नव्हतं तिनं.

२४ सप्टेंबर

मी वाचतो, ती संगणकात भरते. वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून घसा कोरडा पडेस्तोवर नुसते आकडे. सकाळ बारा, दुपार अकरा, रात्र तेरा. मधेच ती म्हणते, "काका, परत एकदा." अरे, बारा म्हणजे बाराच ना! त्यात परत काय असतं?

प्रयोगशाळेतला परिचर म्हणतो, तुमचं दोघांचं भांडण ऐकायला आता मुलं मुद्दाम वाचनालयात येतात.

८ ऑक्टोबर

आज पुराच्या वर्षाचं रजिस्टर घेतलं. एकोणीस वर्षांपूर्वीचं. मी भराभर वाचून संपवायच्या बेतात होतो, तर टिपणचे हात थांबले.

"काका, दुपारी नदी निवळते का हो?"

"म्हणजे?"

"हे बघा ना. सकाळी एकशे पंच्याऐंशी. दुपारी पाच. रात्री दोनशे दहा. दुसऱ्या दिवशी सकाळी एकशे नव्वद, दुपारी पुन्हा पाच. पुराच्या पाण्याला दुपारची सुट्टी असते?"

मी सांगितलं, यंत्र बिघडलं असेल. आमच्याकडे यंत्रं बिघडायचीच, अर्ज करून करून माणूस म्हातारा व्हायचा.

"पण मग सकाळी आणि रात्री तेच यंत्र कसं चालायचं?"

ही मुलं पुस्तकं वाचून येतात आणि शहाणपणा शिकवतात. प्रत्यक्ष कामात काय काय होतं ते ह्यांना काय ठाऊक? गुडघा दुखतोय म्हणून मी बैठक अर्ध्यावर सोडून घरी आलो.

११ ऑक्टोबर

टिपणनं त्या माणसाला नाव ठेवलंय, 'दुपारवाले'. प्रत्येक रजिस्टरात ती आता दुपारवाल्यांनाच शोधते. कधी चार महिने दिसतात, मग नाहीसे होतात, पाळी बदलली की सकाळच्या रकान्यात उगवतात. "काका, हे एकाच माणसाचं काम आहे. त्यांना पाच हा आकडा फार आवडतो."

म्हटलं, "प्रकल्प झाडांवर आहे की पोलीस तपासावर?"

"आकडेच खोटे असतील तर झाडांबद्दल काय बोलणार?"

उत्तर होतं माझ्याकडे. आत्ता आठवत नाही.

१९ ऑक्टोबर

प्रयोगशाळेत पाण्याचा सामू मोजून जर्नलमध्ये लिहीत होतो. टिपण शेजारी उभी राहून एकटक बघत होती.

"काका, तुमचा पाच किती वेगळा आहे हो. शेपूट असलेला."

"आमच्या गुरुजींनी तसाच शिकवला."

ती स्वतःची नोंद अर्धी टाकून पाणी प्यायला गेली ती वीस मिनिटं आलीच नाही. प्रयोग आहे, वेळ बांधलेला आहे, आणि ही पाचाच्या शेपटीवर रमते. दोघांचं निरीक्षण मलाच पुरं करावं लागलं. वर बोलणी खाल्ली मीच, कारण तिचा रकाना माझ्या अक्षरात.

२६ ऑक्टोबर

आश्चर्य आहे. टिपणनं दुपारवाल्यांचा विषयच बंद केला. आठवड्याभरात अवाक्षर नाही. ह्या वयात असंच, चार दिवस एक वेड, पाचव्या दिवशी दुसरं. मला मात्र आज चहाला बोलावलं, आणि केंद्रातलं काम कसं असायचं ते विचारत बसली. पायऱ्या किती होत्या, एकटंच असायला लागायचं का, साहेब लोक कसे वागायचे. मी तासभर बोललो. नदीतून पाणी उचलायची विहीर किती खोल, नमुना घ्यायला खाली उतरायला बहात्तर पायऱ्या, कठडा गंजलेला. तीस वर्षांत एकाही साहेबानं रजिस्टर उघडून वाचलं नाही, खाली सही ठोकली की झालं. सगळं सांगितलं. पहिल्यांदाच तिनं वही काढली नव्हती.

१५ नोव्हेंबर

प्रकरणांची वाटणी झाली. आलेख तिचे, झाडीचे नकाशे तिचे, निष्कर्ष दोघांचे. आणि 'आकड्यांची विश्वासार्हता' हे आठ पानी प्रकरण? तेच, ज्यावरून तिनंच एवढा धुरळा उडवला होता?

"ते तुम्ही लिहा, काका."

"मी का? शोध तुझा आहे."

"तुम्हाला आतलं माहीत आहे. मला बाहेरचं. घाई नाही, फेब्रुवारी संपेपर्यंत द्या."

म्हणजे मजेचं सगळं हिच्याकडे आणि कटकट माझ्या माथी. हिला म्हणतात हुशारी.

२ डिसेंबर

जेवताना सहज बायकोकडे पुराच्या वर्षाचा विषय निघाला. सहज म्हणजे मीच काढला.

"ते वर्ष नको बाई," ही म्हणाली. "एका खाटेवर दोन-दोन मुलं होती. उलट्या, जुलाब. सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना बांधल्या होत्या. मी सहा दिवस घरी आले नव्हते, आठवतंय का? तुमची तेव्हा दुपारची पाळी होती. आपल्या मुलीला शेजारच्या काकू सांभाळायच्या."

"पुरात रोगराई होतेच."

"डॉक्टर म्हणत होते पाण्यामुळे. मी तुम्हाला फोन करून विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, पाणी एकदम चांगलं आहे."

मी म्हणालो की पाणी घरोघरच्या टाक्यांतही खराब होतं, जुन्या नळांतही होतं, सगळा दोष केंद्रावर टाकायची लोकांना सवयच आहे. बराच वेळ बोललो. ही ताटं उचलत म्हणाली, "मी कुठे दोष दिला?"

९ जानेवारी

प्रकरणाचा पहिला खर्डा टिपणला दिला. तिनं वाचला, कागद सरळ केले आणि परत दिला.

"'काही नोंदी पूर्णतः विश्वासार्ह नसण्याची शक्यता नाकारता येत नाही.' काका, ह्या वाक्यात माणूसच नाही."

"शास्त्रीय भाषा अशीच असते."

"असेल. पण मॅडम विचारतील, कोणत्या नोंदी आणि का."

दुसरा खर्डा मॅडमनाच दाखवला. त्यांनी लाल पेनानं गोल करून लिहिलं: 'कोणत्या? का?' दोघींनी आधी ठरवलं असणार.

३० जानेवारी

चौथा खर्डा फाडला. निवृत्त माणसानं बागकाम करावं, पदव्या घेऊ नयेत.

१७ फेब्रुवारी

आज टिपणवर आवाज चढवला. वाचनालयात. "तुला काय कळतं ग, एकट्या माणसानं बहात्तर पायऱ्या चढाय-उतरायच्या म्हणजे काय असतं? तू कधी चिखलात घसरून पडलीस का?"

सगळे बघायला लागले. मला वाटलं रडेल, किंवा उलटून बोलेल. ती हळूच म्हणाली, "नाही पडले. हेच लिहा ना, काका."

काय लिहा? कुणी विचारलंय?

२६ फेब्रुवारी

लिहून टाकतो. ही माझी वही आहे, हिला कुणी गुण देणार नाही.

दुपारची पाळी माझी होती. ते पाच माझे.

यंत्र काही वर्षं खरोखर बिघडलेलं होतं, ते खोटं नाही. तेव्हा साहेबच म्हणाले होते, मागचे आकडे बघून भर. आम्ही भरले. पण यंत्र दुरुस्त होऊन आल्यावरही हाताला सवय लागली होती. खाली उतरा, नमुना घ्या, वर या, मोजा. कशासाठी? वाचत तर कुणीच नव्हतं.

पुराच्या पहिल्या दिवशी मात्र मी उतरलो होतो. अठराव्या पायरीवर घसरलो, गुडघा तिथेच गेला. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बदली माणूस आला असता, हे आज कळतंय. वर येऊन खुर्चीत बसलो आणि पाच लिहिलं. तुरटीची पोती स्टोअरमधून रजिस्टरातला आकडा बघून मिळायची. पाचला दोन पोती. दोनशेला अकरा. मी पाच लिहिलं म्हणून मला दोन मिळाली, आणि मी दोनच टाकली. पाण्याचा रंग डोळ्यांना दिसत होता. म्हटलं, रात्रीचा माणूस निस्तरेल.

असे दहा दिवस. चौदा तारखेपासून तेवीसपर्यंत.

३ मार्च

पाचवा खर्डा दिला. 'नोंद करणाऱ्याने मोजमाप न करता आकडे लिहिले. त्या आकड्यांनुसार तुरटी कमी पडली. अशा सर्व नोंदी विश्लेषणातून वगळल्या आहेत.' टिपणनं वाचलं, मान हलवली, आणि विचारलं, "काका, तुम्ही जेवलात का?"

म्हणजे साडेतीन महिन्यांच्या मेहनतीवर एवढाच अभिप्राय!

जाता जाता मी विचारलं, त्या वर्षीची आजारपणं ह्याच्यामुळेच झाली असं सिद्ध होतं का. ती थांबली. "नाही होत, काका. पण यामुळे झाली नाहीत, असंही सिद्ध होत नाही."

१० मार्च

हिला सांगितलं. दुपारी, ती ड्यूटीवरून येऊन पाय वर करून बसली होती तेव्हा. मी उभाच होतो.

तिनं मला मधेच थांबवलं नाही. संपल्यावर फक्त विचारलं, "तारखा?"

"चौदा ते तेवीस."

ती उठली, गणवेश वाळत घातला, आतल्या खोलीत गेली. दार लावलं नाही. मी बाहेर बसून राहिलो. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला मला उत्तर देता येतं.

१६ मार्च

सहा दिवस. मीठ आहे का, दूधवाला येऊन गेला का, एवढंच बोलणं. मुलीचा फोन आला तर ही हसून बोलते आणि फोन ठेवला की चेहरा पुन्हा बंद.

तोंडी परीक्षा एकवीसला. मी सांगून ठेवलं. "हं," म्हणाली.

२१ मार्च

परीक्षा दहा वाजता. बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे हाडकुळे गृहस्थ, आवाज इतका बारीक की पुढे वाकून ऐकावं लागतं. आलेखांचं टिपणनं सांगितलं, एकदाही न अडखळता. मी सांगायला उभा राहणार तर मागचं दार वाजलं. ही. गणवेशातच. तीन वर्षांत कॉलेजात पाऊल टाकलं नव्हतं. शेवटच्या बाकावर बसली.

परीक्षकांनी माझं प्रकरण उघडलं. "दुपारच्या इतक्या नोंदी वगळल्यात तुम्ही. कारण दिलंय, न मोजता लिहिल्या. हा तुमचा अंदाज आहे की काही पुरावा?"

"पुरावा आहे, सर."

"कोणता?"

"ते आकडे मी लिहिलेत."

परीक्षकांनी चष्मा काढला. किती वर्षं, का, तुरटीचं काय झालं, सगळं विचारलं. मी सांगितलं. यंत्राचं सांगितलं, साहेबांचंही सांगितलं, पण त्याच्या मागे लपलो नाही. निदान तसा प्रयत्न केला.

"मग अहवालात 'नोंद करणारा' असं का? नाव का नाही?"

"धीर आज झाला."

मॅडमनी अहवालाची प्रत माझ्यापुढे सरकवली. चेहरा दगडासारखा. समासात मी पेनानं पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली. मॅडम म्हणाल्या, "हे केंद्राला कळवावं लागेल. चौकशी होऊ शकते."

"कळवा."

परीक्षकांनी टिपणला विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?" ती म्हणाली, "हे प्रकरण काकांचं आहे, सर." आणि पाण्याची बाटली माझ्यापुढे ठेवली, झाकण काढून. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूस नाही. मला वाटलं होतं, शेजारी बसणारा माणूस असा निघाला म्हटल्यावर पोरगी हादरेल. आजच्या पिढीला कशाचंच काही वाटत नाही.

बाहेर पडलो तेव्हा ही फाटकाजवळ थांबली होती. आम्ही निघालो. गुडघ्यामुळे मी हळू चालतो, ती नेहमी पुढे जाऊन थांबते. आज माझ्याच चालीनं चालली. दवाखान्याच्या वळणावर बसथांब्याचा बाक रिकामा होता, तिथे बसली. मीही बसलो.

"दोन मुलं घरी गेली नाहीत त्या वेळी," ती म्हणाली. "तुम्हाला तेव्हाच सांगायला लागले होते. तुम्ही म्हणालात, दवाखान्याचं दवाखान्यात ठेव."

मला ते आठवतही नव्हतं.

"आता सांग," मी म्हणालो.

तिनं सांगितलं. सात नंबरच्या खाटेवरची मुलगी, चार वर्षांची, पायातले मोजे काढू द्यायची नाही. तिच्या शेजारचा तो, त्याच्या वडिलांना बसायला जागा नव्हती म्हणून ते तीन दिवस उभे होते. दोघांची नावं सांगितली. कोण कोणत्या दिवशी गेलं तेही. एक एकोणीसला, एक बावीसला. दोन बस आल्या आणि गेल्या.